बुवांचे गुडघे

वेणूताईंचा डोळा लागतोय, पण पुरता लागत नाहीये. दत्तजयंतीची दुपार आहे. पोटात उपासाची भगर आणि दाण्याची आमटी, पायांवर सोलापुरी चादर आणि उशाशी झांजांची जोडी. झांजांची दोरी सकाळीच तुटली. नवी दोरी ओवून झाली, पण गाठ काही मनासारखी बसेना. म्हणून दोरीची टोकं मोकळीच सोडून त्या आडव्या झाल्यात. म्हटलं, घटकाभर पाठ टेकावी, मग बांधू. चार वाजता बोट सुटायची आहे.

बोट म्हणजे बायकांच्या भजनी मंडळाची. खडकमाळ हे गाव धरणाच्या काठाला नव्यानं वसलेलं. जुनं गाव पाण्याखाली गेलं, त्याच्याबरोबर दत्ताचं देऊळही गेलं. पादुका तेवढ्या वर आणल्या, टेकडीवर नवं देऊळ बांधलं. पण गावाचा जीव त्या जुन्या गाभाऱ्यातच अडकून राहिलेला. म्हणून दर दत्तजयंतीला मंडळ बोटीत बसतं. जुन्या देवळाच्या डोक्यावर जिथं पाणी उभं आहे, तिथं बोट थांबवायची. छोटंसं कीर्तन, जन्माचा गुलाल, पाण्यात फुलं आणि आरती. मग पलीकडच्या काठाला उतरायचं. तिथं सुंठवडा वाटायचा, गाणी म्हणायची, गुडघाभर पाण्यात पाय सोडून एकमेकींच्या सासवांच्या नकला करायच्या. वर्षभर चुलीला आणि घराला जुंपलेल्या बायकांची ही एकुलती एक सहल, आणि तीही देवाच्या नावानं, म्हणजे घरातून कुणी नाही म्हणायची सोय नाही!

कीर्तन श्रीपादबुवांचं असायचं. बुवा श्रावणात गेले. त्यांच्याविना ही पहिलीच दत्तजयंती.

बुवांचं कीर्तन म्हणजे काय सांगावं! पूर्वरंगात हसवता हसवता उत्तररंगात असं काही डोळ्यांत पाणी आणायचे, की घरी जाताना भांडकुदळ जावासुद्धा एकमेकींचा हात धरून जायच्या. पण माणूस बोटीत चढला की त्यांची दुखणी सुरू व्हायची. "माझे गुडघे धरलेत हो, मी आपला बसूनच करतो कीर्तन. आरतीही बसूनच." आता बुवा बसलेले असताना उभं कोण राहणार? सगळ्या बसायच्या. मग त्यांना थंडी वाजायची. "म्हातारा माणूस, मी हे नारिंगी जाकीट घालतो. पण एकट्यानं घातलं तर माकडासारखा दिसेन. तुम्हीही घाला गं, मला सोबत." मग त्यांना गर्दी सोसायची नाही. "इतक्या जणी एकदम बसलात तर मला धाप लागते. दोन फेऱ्या करा, मी दोनदा कीर्तन करीन." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि बुवांचे लाड पुरवायच्या.

यंदाच्या बैठकीत सिंधूनं विषय काढला. सिंधू म्हणजे शेजारची. मंडळात तिचा आवाज सगळ्यांत वरचा, गाण्यात आणि भांडणातही. ती म्हणाली, "आता कुणाचे गुडघे सांभाळायचेत? यंदा आरती उभ्यानं, दणक्यात! बुवांच्या आत्म्याला बरं वाटेल." दुसरी म्हणाली, जाकिटांनी पैठण्या चुरगळतात. तिसरी म्हणाली, आणि फोटोत आपण भोपळ्यांच्या राशीसारख्या दिसतो. मग ठरलं. आरती उभ्यानं, जाकिटांना सुट्टी, आणि अंधार पडायच्या आत परतायचं म्हणून सगळ्या एकाच फेरीत. बोटवाला केरबा मान खाजवत काहीतरी पुटपुटला, पण बायकांच्या गलक्यापुढं त्याचं काय चालतंय! वेणूताई मंडळाच्या अध्यक्षा. त्या "बरं" म्हणाल्या. यंदा त्यांची सून मृदुला पहिल्यांदाच बोटीत येणार आहे आणि मृदुलाची चार वर्षांची ओवीसुद्धा. दोघींनाही पोहता येत नाही. तशी पोहता येणारी मंडळात आहे तरी कोण?

बाहेर कबुतर घुमतंय. घुमता घुमता त्याचा सूर खाली येतो, पेटीच्या सुरात मिसळतो, आणि वेणूताई बघतात तो समोर मंडप आहे. खोलीचाच मंडप झालाय. कपाटाच्या जागी तबलजी बसलाय. मृदुलानं वाळत घातलेल्या साड्या कनाती होऊन हलतायत. आणि मधोमध श्रीपादबुवा उभे! डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणं, उपरण्यावर नारिंगी जाकीट आणि जाकिटावर झेंडूचा हार.

वेणूताईंना ठाऊक आहे की बुवा गेलेत. स्वप्नातही ठाऊक आहे. त्यांनीच तर त्या दिवशी बुवांच्या घरी चहा केला होता सगळ्यांना.

"बुवा," त्या दबकत विचारतात, "तुम्ही गेलात ना?"

"गेलो तर," बुवा चिपळ्या बोटांत अडकवत म्हणतात. "पण उत्तररंग राहिला ना माझा! पूर्वरंग सांगून कीर्तनकार उठून गेला, असं कधी ऐकलंय तुम्ही?"

आणि ते नाचायला लागतात. एक पाय उचलून, गिरकी घेऊन, पुन्हा दुसरा पाय उचलून. तबलजी ताल वाढवतो तसे बुवा वाढतात. हार उडतोय, जाकिटाच्या नाड्या उडतायत. वेणूताईंचा जीव वरखाली होतो.

"अहो, गुडघे! गुडघे सांभाळा!"

"कुठले गुडघे?" बुवा एका पायावर बगळ्यासारखे थांबतात. "वेणूताई, मंडपात तीन तीन तास उभा राहायचो मी. पुढच्या रांगेत तुम्हीच असायचात. तेव्हा कधी कण्हलो का?"

वेणूताई आठवून बघतात. खरंच की! रामनवमीला, हनुमानजयंतीला, गोकुळाष्टमीला तर मध्यरात्रीपर्यंत हा माणूस उभा.

"नाही," त्या म्हणतात.

"आणि बोटीतच तेवढे दुखायचे!" बुवा मिश्कील हसतात. "बाकी श्रोते ठीक, पण तुम्ही अंगणवाडीत जन्म काढलात. पोटात दुखतंय म्हणून बसून राहणारी पोरं तुम्ही लगेच ओळखायचात. मी कसा काय निसटलो?"

वेणूताई लाजून खाली बघतात. खाली मंडपाची सतरंजी नाही, फरसबंदी गल्ली आहे. कडेला कडुनिंब आहे, त्याच्या पारावर कुणाचीतरी घागर आहे. ही गल्ली त्या ओळखतात. परकरात असताना हिच्यावरून त्या शाळेत धावत जायच्या. जुनं खडकमाळ! धुळीऐवजी तळाला मऊ गाळ आहे, आणि डोक्यावर आभाळाच्या जागी हिरवा उजेड हलतोय. श्वास मात्र नेहमीसारखा चाललाय.

"चला," बुवा पुढं चालताना म्हणतात, "दर्शन घेऊ."

देवळाच्या पायऱ्या तशाच आहेत. चौथरा, सभामंडप, कोरीव खांब. खांबाखांबांमधून लहान मासे फिरतात, जशा उत्सवात पोरी फिरायच्या. गाभाऱ्यात पादुका नाहीत, पण त्यांची जागा घासून गुळगुळीत झालेली दिसते. वेणूताई हात जोडतात. कुठल्याच देवाच्या दाराशी एवढं शांत वाटलं नव्हतं कधी.

"बुवा, किती छान आहे हो इथं."

"आहे ना. म्हणूनच सांगतो, इथं यायची घाई नको." बुवा वर बोट दाखवतात. "वर बघा."

वर मंडळाची बोट आहे. तिचं काळं पोट पाण्यावर टेकलंय, आणि जणू तळ काचेचा असावा तशी आतली सगळी पावलं दिसतायत. सिंधूची जाड जोडवी. मृदुलाच्या पायातल्या नाजूक साखळ्या. आणि त्यांना खेटून ओवीचे पिवळे मोजे, बदकांचं चित्र असलेले. गेल्या आठवड्यात वेणूताईंनीच आणलेले. पावलं इतकी दाटीवाटीनं आहेत की बोट पाण्यात खोल रुतलीय. तिची कड आणि पाणी यांच्यात वीतभरही अंतर नाही.

वर आरतीचं तबक पेटतं. त्याचा पिवळा ठिपका पाण्यावर थरथरतो. सगळी पावलं एकदम उभी राहतात.

बोट एकदा डुलते. अजून काही नाही. आरती रंगते, टाळ्या वाजतात. मग कुणाला तरी खाली देवळाचा कळस दिसल्यासारखा वाटतो. "अगं बाई, तो बघा!" सिंधूचा आवाज. आणि फुलं वाहायला, कळस बघायला, नमस्कार करायला सगळी पावलं एकाच कडेला सरकतात. भक्तीनंच सरकतात. पिवळे मोजे सगळ्यांत पुढं, कारण लहान पोरीला सगळ्याच जणी वाट देतात.

बोटीचं काळं पोट कलतं.

"बसा!" वेणूताई ओरडतात. तोंडातून नुसते बुडबुडे निघतात. "बसा गं बायांनो!" बुडबुडे. त्या झांजा वाजवायला जातात, तर हातात दोन सुट्या वाट्या. दोरीची टोकं माशाच्या मिशांसारखी हलतायत. एक झांज हातातून निसटते आणि हळूहळू पायरीवर जाऊन पडते. आवाज होत नाही.

त्या बुवांकडे वळतात. ते सभामंडपात मांडी घालून नुसते खाली बसतात, अगदी घरच्यासारखे. आणि वर एकेक पाऊल मागं सरतं. जोडवी बसतात, साखळ्या बसतात, बदकांचे मोजे कुणाच्या तरी मांडीवर जातात. बोट सरळ होते.

"असं," बुवा म्हणतात. "दरवर्षी एवढंच करायचो मी. मी बसलो की त्या बसायच्या. आता मी इथं खाली बसून वर कोण बसणार, सांगा."

वेणूताईंना रडू फुटतं. पाण्याखाली अश्रू कसे कळणार, पण बुवांना कळतात.

"मग थंडी?" त्या विचारतात.

"थंडी कसली! माझ्या आईनं लहानपणी माघात नदीवर आंघोळी घातल्यात मला."

"आणि धाप?"

"पखवाजासारखी छाती होती माझी." बुवा छातीवर थाप मारतात. जाकिटातून धप्प असा आवाज येतो. "बोट बघितली की केरबाच्या बापानं तिच्यासाठी ठरवलेला माणसांचा आकडा मला आठवायचा. त्याहून एकही जास्त नको वाटायचं. म्हणून दोन फेऱ्या. तुम्हाला दोनदा कीर्तन, मला दोनदा सुंठवडा."

"अहो, पण मग खरं का नाही सांगितलंत? आम्ही तुम्हाला हसायचो. सिंधू तर तुमची नक्कलसुद्धा करायची, गुडघे धरून."

"बघायचो ना मी! फार छान करायची. आणि बसून करायची, हे बघितलंत का?" बुवांचे डोळे लकाकतात. "वर्षातनं एकदा हसायला बाहेर पडता तुम्ही. त्या दिवशी मी पाण्याची, मरणाची भीती घालून आरती करायला लावू? भ्यायलेल्या माणसाच्या तोंडी देवाचं नाव येतं खरं, पण त्यात गोडी नसते. म्हणून सगळं माझ्या गुडघ्यांवर घेतलं. ते बिचारे काही बोलले नाहीत."

मग ते चिपळ्या काढून मांडीवर ठेवतात.

"पण एक चुकलंच. गुडघे माझ्याबरोबर गेले, आणि बसायचं कारणही गेलं. म्हणून यावं लागलं. तुम्ही माझ्यासारखं सोंग आणू नका, वेणूताई. सरळ सांगा. तुमचं ऐकतात त्या."

"ऐकतील?"

"अंगणवाडीत कोण ऐकायचं? तरी खिचडी खाऊनच घरी जायची ना पोरं?"

वेणूताई हसतात. पायरीवरची झांज बुवा उचलून आणतात, दुसरीशी जुळवतात, दोरीची टोकं हातात घेतात. त्यांची बोटं चालताना वेणूताई नीट बघतात. ही त्यांची गाठ. बोटीत चढताना बुवा प्रत्येकीच्या जाकिटाची नाडी स्वतः अशीच बांधायचे. वेणूताईंना ती कधी जमली नव्हती.

"एक वेढा असा. मग फास. फासातून फास," बुवा सांगतात. "ओढली की सुटते, आपणहून सुटत नाही. जाकीट पोटाशी घट्ट हवं. खांद्याला धरून वर ओढून बघायचं. हनुवटीपर्यंत आलं तर ढिलं आहे. आणि ओवीला मोठ्यांचं घालू नका हं. पोर खालून निसटेल आणि जाकीट एकटंच तरंगेल. लहान असतात केरबाकडे, बाकाखालच्या पेटीत. मागितल्याशिवाय तो काढत नाही."

"आणि वारा सुटला तर?"

"तर देऊळ टेकडीवरही आहे की! देव काय फक्त पाण्यातच राहतो? त्या दिवशी आरती तिथं करा. तिथं मात्र उभ्यानं करा, दणक्यात. माझ्या वाटचीसुद्धा."

वेणूताईंच्या मनात बोटीच्या सगळ्या वर्षांची दत्तजयंती एकदम येते. ओल्या काठावरून चप्पल हातात घेऊन हसत हसत घरी आलेल्या बाया. कुणाच्या केसात फूल राहिलेलं, कुणाचा पदर भिजलेला. सगळ्या आल्या, दरवर्षी आल्या. संध्याकाळी चूल पेटली, नवऱ्यांना चहा मिळाला, पोरं कुशीत झोपली. आणि या सगळ्याला बायका म्हणायच्या, दत्तगुरूंची कृपा. होतीच ती कृपा. नारिंगी जाकीट घालून, गुडघे धरून, समोर बसलेली होती.

त्या बुवांच्या पाया पडायला वाकतात.

"अं हं!" बुवा झटकन हात आडवा धरतात. "वाकू नका एकदम. बोट हलते."

आणि बघतात तो खरंच बोट आहे. देऊळ खाली राहिलंय, वर मोकळं आभाळ आहे, पाणी सोन्यासारखं सपाट आहे. बोटीत दोघंच. बुवा वल्ह्याशी बसलेत.

"सुंठवडा केलाय?" ते हळूच विचारतात, लहान पोरासारखे.

"केलाय. खोबरं जास्त घातलंय, तुम्हाला आवडतं तसं."

"आणा."

वेणूताई पदराखालचा डबा उघडतात, चिमूटभर त्यांच्या तळव्यावर ठेवतात. बुवा तो कपाळाला लावतात, तोंडात टाकतात, डोळे मिटतात. "वा!" म्हणतात. एवढंच. पण कीर्तनात एखादं पद मनाजोगं लागलं की म्हणायचे, तसं.

"बुवा, उत्तररंग?"

"झाला की," बुवा म्हणतात. "आता आरती तुमची."

लांब कुठंतरी घंटा वाजते. घंटेचा भोंगा होतो. धरणाच्या भिंतीवरून येतो तसा लांबलचक. भोंग्याची शिट्टी होते, शिट्टीची हाक.

"वेणूताई! अहो वेणूताई! झोपलात काय? दत्त जन्मायचा थांबणारे का तुमच्यासाठी?"

वेणूताई डोळे उघडतात. खिडकीतलं ऊन भिंतीवर सरकलंय. कबुतर उडून गेलंय. बाहेर ओट्यावर सिंधूच्या बांगड्या वाजतायत.

त्या उठून बसतात, सवयीनं उशाशी हात नेतात आणि हात तिथंच थांबतो.

झांजांची दोरी बांधलेली आहे. एक वेढा, मग फास, फासातून फास.

"मृदुला," त्या स्वयंपाकघराकडे बघत विचारतात, "ही गाठ तू मारलीस का गं?"

"कसली गाठ, आई?" मृदुला ओवीच्या पायात पिवळे मोजे चढवत दारात येते. "मी आत आलेच नाही. तुम्ही झोपेत हसत होतात, म्हणून दार लोटून घेतलं उलट."

वेणूताई दोन्ही झांजा जवळ घेतात. एकदा डोळ्यांना लावतात. मग उठून ओट्यावर येतात. सिंधू नव्या पैठणीत, अंबाड्यावर गजरा, हातात आरतीचं तबक, अशी लगीनघाईत उभी.

"चला ना लवकर! केरबा वाट बघतोय. सगळ्या जमल्यात धक्क्यावर, एका फेरीत निघू."

"दोन फेऱ्या करायच्या, सिंधू," वेणूताई म्हणतात. "जाकिटं सगळ्यांनी घालायची, पैठणीवरून. ओवीसाठी लहान जाकीट केरबाला बाकाखालच्या पेटीतून काढायला सांग. आणि आरती बसून."

"आता हे काय मध्येच?" सिंधू कपाळाला हात लावते, मग तिला हसू फुटतं. दोन्ही गुडघे धरून ती बुवांसारखी कण्हते. "आई आई गं! आता तुमचेही गुडघे धरले वाटतं?"

"माझे ठणठणीत आहेत," वेणूताई म्हणतात. "बुवांचेही होते."

सिंधूचं हसू ओठांवरच थबकतं. हात अजून गुडघ्यांवरच आहेत. ती काही तरी आठवत वेणूताईंकडे बघते. रामनवमीचा मंडप आठवत असेल, अष्टमीची रात्र आठवत असेल. तिच्या डोळ्यांत हळूहळू पाणी भरतं. मग आरतीचं तबक सांभाळत, नव्या पैठणीची पर्वा न करता, ती ओट्याच्या पायरीवर खाली बसते.

वेणूताई तिच्या शेजारी बसतात आणि झांजा एकदा वाजवून बघतात. गाठ पक्की आहे.